अण्णांनी येलेला सांगितलेलं, मी न सांगितलेलं

माझ्या वडिलांचं एक वाक्य मी मध्येच अडवलं.

आज अण्णांना जाऊन एक वर्ष झालं. फोटो लावून चार चांगल्या ओळी लिहिणार होते. सकाळपासून तीनदा लिहिलं, तीनदा डिलीट केलं. कारण त्या चार ओळींत हे आलं नसतं.

दोन वर्षांपूर्वी अण्णा सहा महिने आमच्याकडे अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिनला राहायला आले होते. आयुष्यभर कोल्हापुरात शाळेत पीटीचे सर. तरुणपणी तालमीच्या टीमकडून फुलबॅक. (कोल्हापूरबाहेरच्यांसाठी: तिथे पेठेपेठेतल्या तालमीची फुटबॉल टीम असते. मॅच हरली की त्या दिवशी पेठेत कुणी धड जेवत नाही.)

शेजारच्या टाउनहाउसमध्ये येले राहायचा. बेल्जियमचा, बावीस वर्षांचा. प्रोफेशनल फुटबॉलर, सेंटर बॅक, म्हणजे बचावफळीत मधोमध खेळणारा.

चौदाव्या वर्षी घर सोडून क्लबच्या हॉस्टेलवर. अठराव्या वर्षी पहिल्या टीममध्ये. एकविसाव्या वर्षी इथल्या एका क्लबशी करार.

आणि इथे आल्यावर पाचव्याच मॅचमध्ये डाव्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं.

ऑपरेशननंतर तो आमच्या मागच्या तळ्याभोवती गुडघ्याला पट्टा बांधून पळायचा. अण्णा बाकावर बसून बघायचे. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "अगं, ह्यो डिफेंडर हाय."

"तुम्हाला कसं कळलं?"

"पाठीमागनं कोण यायलंय ते न बघता कळतंय त्याला."

मग रोजचंच झालं. अण्णा बॉल टाकायचे, येले वळून परत द्यायचा. ऑफिसला लॉगइन करायच्या आधी मी दोघांमधली दुभाषी. अण्णांना इंग्रजी वाचता यायचं, पण बोलण्याच्या वेगात कळायचं नाही.

"ह्या येल्याला विचार, तुमच्याकडं पेपरात डिफेंडरचं नाव कधी येतंय?"

मी विचारलं. येले म्हणाला, "चुकला की."

अण्णा मांडी थोपटून हसले. "बघ! सगळ्या जगात हीच तऱ्हा."

सप्टेंबरात डॉक्टरांनी येलेला खेळायची परवानगी दिली. शनिवारी रिझर्व्ह टीमची मॅच होती. करार डिसेंबरात संपत होता. त्याआधी मैदानात दिसला नाही तर पुढचा करार मिळणार नाही, हे त्याला माहीत होतं.

गुरुवारी सकाळी तो अण्णांसमोर धावला, वळला, थांबला. दम खात म्हणाला, "अण्णा. रेडी?"

अण्णा माझ्याकडे वळले.

"न्हाई. सांग त्याला, शनिवारी खेळू नको. डावीकडं वळताना तू जरासा थांबतोयस. पायावर तुझा भरवसा बसलेला न्हाई अजून. तीन आठवडं थांब. करार गेला तर दुसरा मिळंल, डावा गुडघा एकच हाय."

मी येलेकडे वळून म्हणाले, "ही सेज यू आर लुकिंग स्ट्राँग. जस्ट लिसन टू युअर बॉडी."

का?

तेव्हा स्वतःला सांगितलं की डॉक्टरांपुढे आपण कोण बोलणार. तेही खरं होतं. पण त्याहून खरं हे, की मला लाज वाटली. रिटायर्ड पीटीचे सर, कानटोपी घालून, एका प्रोफेशनल खेळाडूला 'खेळू नको' म्हणतात. इतकी वर्षं इथे राहून मला समोरच्याचं मन न दुखवता बोलायची सवय लागली आहे. त्या सवयीनं मी अण्णांचं वाक्य मऊ केलं. इतकं मऊ, की त्यात अण्णा उरलेच नाहीत.

शनिवारी आम्ही दोघं मॅचला गेलो. विसाव्या मिनिटाला येले डावीकडे वळला आणि खाली बसला. कुणाचा धक्का नाही, काही नाही.

अण्णा उठून उभे राहिले. "सांगितलं होतं की त्याला."

मी पर्समध्ये गाडीची किल्ली शोधू लागले.

गाडीत म्हणाले, "पोरं ऐकत न्हाईत ह्याचा मला कधी राग आला न्हाई. आज आला."

तेव्हाही मी खरं सांगितलं नाही.

अण्णा निघाले त्या दिवशी येले कुबड्या घेऊन भेटायला आला. अण्णांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, बोलले काही नाहीत. येलेला वाटलं, म्हातारा भावुक झाला.

पुढे कोल्हापुरातून फोनवर दर वेळी विचारायचे, "येल्या कसा हाय? हट्टी पोरगं."

आणि मी म्हणायचे, "हो ना."

सात-आठ महिने मी 'हो ना' म्हणत राहिले. मग अण्णा गेले.

गुडघा माझ्यामुळेच गेला असं म्हणणं खोटं ठरेल. कदाचित त्यानं ऐकलंच नसतं. पण ऐकायचं की नाही, हे ठरवायचा हक्क त्याचा होता. तो मी परस्पर वापरला.

येलेचा करार वाढला नाही. तो परत गेला, दुसरं ऑपरेशन झालं, वर्षभर एकट्यानं घाम गाळला. आता तिकडे तिसऱ्या डिव्हिजनच्या क्लबात आहे. दिवसा स्पोर्ट्‌सच्या दुकानात काम, संध्याकाळी प्रॅक्टिस.

आज त्याला फोन केला. सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "त्यांचे एग्झॅक्ट शब्द सांग. आधी मराठीत."

मी सांगितले, जसेच्या तसे. मग इंग्रजीत. या वेळी काही गाळलं नाही.

त्यानं मला ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मग म्हणाला, "वळताना मी थांबत होतो, मला माहीत होतं. कुणाच्या लक्षात आलं नसेल असं वाटत होतं."

"येले, आय ॲम सॉरी."

"तुझा राग आलाय मला. खूप. पण आता प्रॅक्टिसला जायचंय, उशीर होतोय." मग म्हणाला, "हे सगळं लिही. माझ्या नावासकट लिही."

म्हणून लिहिलं.

अण्णा, पोरगं हट्टी नव्हतं. तुमचं म्हणणं त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. पोचवायचं काम माझं होतं.

आज पोचवलं. तुम्हाला हे तुम्ही असताना सांगायला हवं होतं.

नमस्कार करते, अण्णा.