आठव्या रेच्यावरची भागाबाई

आदिलाबादच्या कापूस बाजारामागे एक जिनिंग होती. सरकी वेगळी काढणारे चोवीस रेचे एका रांगेत, आणि प्रत्येक रेच्यापुढे हातानं कापूस पसरणारी एक बाई. सातव्यावर रुक्माबाई, आठव्यावर भागाबाई. दोघी एकाच बुद्धवाड्यातल्या, त्र्याऐंशीच्या हंगामात एकाच दिवशी कामाला लागलेल्या.

दहा वर्षं कापसाची धूळ खाऊन भागाबाईची छाती भाता झाली होती. पण बायकांचा एक रिवाज होता. जिला खोकल्याची उबळ येईल तिनं मागच्या पोत्यावर बसायचं आणि शेजारणीनं तिचा रेचा सांभाळायचा. रेचा रिकामा फिरला की मुकादम हजेरीतून नाव खोडायचा, म्हणून ही तजवीज. त्याबद्दल कुणी कुणाचे आभार मानत नसे. रुक्माबाई तर वरून चार शिव्या द्यायची.

त्र्याण्णव साली शेठनं बायकांचं काम मोजायला नागपूरहून एक माणूस आणला. हातात घड्याळ, बगलेत वही. तो सातव्या रेच्यासमोर उभा राहिला आणि नेमकी तेव्हाच भागाबाईला उबळ आली.

रुक्माबाईनं ओळखलं, यानं हिला बसलेली पाहिली तर हिचं काम गेलंच. "बस वं तू, मी पाह्यतो," असं म्हणून तिनं दोन्ही रेचे घेतले. एरवी ती रमतगमत करायची, पण त्या दिवशी हात असे चालवले की दोन्हींवर कापसाचा थर कुठे तुटला नाही. त्या माणसाकडे बघून हसलीसुद्धा. "बहुत अच्छा, बाई," म्हणत त्यानं लिहून घेतलं.

"वाचली वं तुही नोकरी," रुक्माबाई घरी जाताना म्हणाली. भागाबाईनं नुसता तिचा हात धरला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. एक बाई दोन रेचे चालवते, म्हणजे निम्म्या बायका फुकट बसतात, एवढंच त्या वहीत गेलं. खोकला वहीत गेला नाही. ती वही पाहून शेठनं नवी यंत्रं मागवली. पुढच्या दसऱ्यानंतर बायका कामावर गेल्या तर छतातून कापूस सोडणारे जाड नळ उतरले होते आणि रेचे आपोआप कापूस ओढत होते. लक्ष ठेवायला एकच बाई हवी होती. शेठनं रुक्माबाईला ठेवलं, तेवीस जणींना घरी पाठवलं. घरात खाणारी तोंडं होती, म्हणून ती राहिली. त्याची लाज तिला जन्मभर पुरली.

भागाबाई अंथरुणाला खिळली. रुक्माबाई रोज संध्याकाळी जायची.

"माह्या रेच्यावर कोन हाय आता?"

"कोनी नाई. आपोआप चालते."

"रिकामा तं नाई फिरत?"

"नाई वं."

"मंग बरं हाय," भागाबाई म्हणाली. त्या वहीचं काय झालं ते सांगायला रुक्माबाईची जीभ रेटली नाही. माघात भागाबाई गेली.

सत्त्याण्णवच्या हंगामात एका दुपारी रुक्माबाईला पहिली मोठी उबळ आली. सवयीनं ती मागे सरली, पोत्यावर बसली आणि म्हणाली, "भागे, पाह्य वं माह्याकडं जरा." चोवीसही रेचे भरलेले फिरत होते. ती बराच वेळ खोकत राहिली. मुकादम एकदा डोकावला, रेचे नीट चाललेत ना ते पाहिलं आणि निघून गेला.