मूठ बसवणारा वासू

दोन हजार चोवीस साल, आणि मी चौऱ्याहत्तर वर्षांचा. दुर्गदबैल बाजारातल्या आमच्या भट्टीवर पातं तापवत होतो, तेव्हा शेजारच्या दोरीवाल्याने येऊन सांगितलं, "वासू गेला हो." वासू म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, सुशीचा नवरा. पातं लाल झालं होतं. ते तेलात बुडवलं, पुसलं, मग निघालो. यावरून लोकांनी मला दगड म्हटलं. म्हणोत. तापलेलं लोखंड कुणाच्या मरणासाठी थांबत नाही, हे त्यांना काय कळणार... तिथं गेलो तर जो तो म्हणतोय, काय हात होता वासूचा. म्हणणाऱ्यांतल्या अर्ध्यांना सुरी कुठल्या अंगाने कापते तेसुद्धा ठाऊक नसेल.

मी चौथीपर्यंतच शिकलो, तरी हे माझं मीच लिहितोय. दुसऱ्याने लिहिलं तर वासूला डोक्यावर बसवतील. तीस वर्षं आमचं काम असं, की पातं मी घडवायचं, मूठ आणि म्यान त्याने करायचं. पात्याच्या शेपटीला दोन्ही अंगांनी लाकडाची फळी लावायची, आरपार पितळी खिळा घालायचा, टोकं ठोकून पसरायची, झाली मूठ. यात कसली आली कला. पण वासूला दोन दिवस लागायचे. म्यानाचं चामडं भिजवून पात्यावर चढवायचा, वाळवायचा, मग बटण कुठं मारायचं यावर अर्धी दुपार. मी म्हणायचो, "सुरीला झबलं शिवतोस काय रे, शिंप्या?" तो हसायचा. "पातं तुमचं, अण्णा. पण गिऱ्हाईक धरतं ते माझ्या बाजूनं."

असली उत्तरं द्यायला तेवढा हुशार. मला सगळ्यात सहन व्हायचं नाही ते त्याने खिळ्यासाठी पाडलेलं भोक. लाकडात खिळा घट्ट, पण पात्याच्या शेपटीतलं भोक मुद्दाम एक नंबर मोठं. खिळा आत खुळखुळायचा. लोहाराच्या भट्टीत असला ढिसाळपणा... "खिळा ठोकला की फुगतो, अण्णा. त्याला जागा नको?" म्हणायचा. आणि ठोकणं तरी कसं, बायका पापड थापतात तसं. मी हातोडा घेतला की लगेच, "निधान, अण्णा, निधान." कानडीत सावकाश, म्हणे. घणावर आयुष्य गेलेल्या माणसाला हा शिकवणार. त्याची एकही मूठ ढिली होऊन परत आली नाही, हे खरं. पण गिऱ्हाईकंही आळशी असतात.

तेराव्यानंतर सुशीने एक सुरी माझ्यापुढं ठेवली. ती बाजारात केळीची पानं विकते, तिच्या कमरेला लावायला वासू करत होता. म्यान झालेलं, पट्टा, बटण, सगळं जागेवर. मूठ तेवढी राहिलेली. सोबत शिसवीच्या दोन फळ्या. "त्यांच्या आईचा पाट होता, त्यातनं काढल्यात," ती म्हणाली. "तेवढी बसवून दे, अण्णा. त्यांच्या हातची शेवटची."

मी पात्यातलं भोक बघितलं. ढिलंच. मरेपर्यंत सुधारला नाही. मी जाड खिळा निवडला, फळ्यांची भोकं त्या मापाने वाढवली, असा बसवला की मधून केस जाणार नाही. आणि हाणला. तिसऱ्या घावाला फळी खिळ्यापासून टोकापर्यंत उकलली.

दोन दिवस सुशीच्या दारावरून गेलो नाही. शेवटी तीच आली तेव्हा म्हणालो, "लाकूडच कुजकं निघालं."

ती घरी जाऊन एक फडकं घेऊन आली. त्यात त्याच शिसवीच्या आणखी दोन फळ्या, भोकं पाडून, घासून तयार.

"अंथरुणावर बसून दोन जोड्या केल्या होत्या," ती म्हणाली. "म्हणाले, पहिली अण्णा फोडणार."

हात थरथरणारा माणूस, घोटभर पाणी सांडल्याशिवाय पिता येत नव्हतं त्याला, आणि माझ्या नावाची फळी कापत बसला होता. याचा राग मला अजून आहे. मेलेल्या माणसाशी भांडताही येत नाही...

"आणखी काय म्हणाला?"

"दुसरी नाही फोडणार, म्हणाले."

दुसऱ्या दिवशी सकाळी, सुशी बाजाराला निघायच्या आत, मी भट्टीचं दार आतून लावून घेतलं, बारीक खिळा त्या ढिल्या भोकात घातला आणि लहान हातोडीने सावकाश ठोकत बसलो.