मिस्त्रीचा डावा हात

आता या गॅरेजवाल्या मिस्त्रीचंच घ्या. पस्तीस वर्षं लोकांचे क्लच हलके करून देता देता गड्याचा स्वतःचा डावा हात कामातून गेला. सकाळी कप उचलायचा तरी बोटं कुरकुरायची. त्यात स्वतःची मोटारसायकल जडशीळ, तेलाच्या दाबावर चालणाऱ्या क्लचची. तिच्यावरूनच बायकोला आठवड्यातून दोनदा डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचं. जावई म्हणालाही, "मामा, विका आता ती." मिस्त्रीने ऐकलं न ऐकलंसं केलं.

त्याची एक रीत होती. गिऱ्हाइकाची गाडी झाली की आत हाक मारायची, "अगं, जरा दाबून बघ." घट्टे पडलेल्या त्याच्या पंजाला जड-हलकं कळतच नसे. ती लिव्हर दाबायची, गिअर टाकायला लावायची, मागचं चाक हाताने फिरवून घ्यायची. तिने पास केली तर गाडी पास.

स्वतःच्या गाडीला मात्र त्याने तिला बोलावलं नाही. हात गेलाय हे तिला कळायला नको होतं. गुपचूप हँडलवरचा, क्लचचं तेल ढकलणारा सिलिंडर काढून बारीक पिस्टनचा बसवला. लिव्हर कशी, लोण्यासारखी! थकलेला माणूस, तेवढ्यावर खूश झाला.

दुसऱ्या दिवशी बायकोला मागे बसवून दवाखान्याला निघाला, तर पहिल्याच सिग्नलला लिव्हर पुरती दाबलेली, तरी गाडी आपली पुढे पुढे! जाऊन टेकली पुढच्या मोटारीला.

"काय काका, झोप झाली नाही का?" मोटारवाला ओरडला.

बारीक पिस्टन तेल कमी ढकलतो, इंजिनाजवळचा खालचा पिस्टन पुरता सरकत नाही, मग क्लच सुटणार कसा? वरचं-खालचं जोडीने बघा, हे तो जन्मभर दुसऱ्यांना सांगत आला होता.

मागून बायको म्हणाली, "मला दाबायला का नाही बोलावलंत?"

त्याने डावा हात लिव्हरवरून काढून खिशात घातला.

"हात दुखतो?"

"जरासा."

"मग जरासं सांगायचं."

संध्याकाळी त्याने मधल्या मापाचा सिलिंडर बसवला, तेलातली हवा काढली. ती स्टुलावर बसून दाबत होती. "टाका गिअर. फिरवा चाक." चाक मोकळं फिरलं.

"सुटतोय. पण लोणी-बिणी काही नाही हो."

"याहून हलका केला तर सुटणार नाही."

"आणि तुमचा हात?"

मिस्त्री जमिनीवरच बसला. "दोन सिग्नल निघतील."

"मग दोन झाले की थांबू. डॉक्टर काय पळून जातोय?"

तेव्हापासून दर दोन सिग्नलांनी ती दोघं कडेला थांबतात. ती त्याची बोटं एकेक करून चोळते.

"निघायचं?"

"थांब गं जरा."

ती थांबते.