मर्यादेतली तूट

आमच्या कामात फाइल एकदा बंद झाली की पुन्हा कुणी उघडत नाही. किस्से मात्र रोज जेवणाच्या डब्याबरोबर उघडतात. ऑफिसात नवीन माणूस जॉइन झाला की त्याच्या हातात नियमांचं पुस्तक पडायच्या आधी गड्डम त्याला दोन किस्से ऐकवतो. म्हणतो, "नियम काय, कधीही वाचशील. आधी माणसं कळू देत."

काम सांगायला सोपं आहे. सरकार मोठं असो नाहीतर गावची नगरपरिषद, वर्षाच्या सुरुवातीला ते लिहून देतं की तूट इतक्याच्या आत ठेवू, कर्ज इतक्याच्या वर नेणार नाही. वर्ष संपलं की आम्ही तिघं जाऊन बघतो, तसं झालं का. तिघं म्हणजे आमचे हिरेमठ साहेब, बेरजेत कधी न चुकणारा गड्डम आणि मी.

एकदा नवी पेठेतून ऑफिसला येताना रिक्षावाल्यानं विचारलं, "सायेब, तुमी काय काम करता?" साहेबांनी होईल तितकं सोपं केलं. "सरकारनं दिलेला शब्द पाळला का, ते तपासतो."

रिक्षावाल्यानं आरशातून तिघांकडे नीट बघून घेतलं. "मग तुमाला सुट्टी कवा मिळती?"

*

पुढचे सगळे किस्से एकाच गावातले, आठ दिवसांतले. गाव अक्कलकोटच्या बाजूचं. नाव सांगत नाही, माझी चुलत बहीण तिथे दिलेली आहे.

गावाला नळाचं पाणी आठवड्यातून एकदा. नवी पाइपलाइन अर्धी टाकून झालेली, उरलेल्या अर्धीचं अनुदान यायचं होतं. अट एकच. वर्षाची तूट हमीपत्रात लिहिलेल्या मर्यादेच्या आत पाहिजे. आत असली तर पाइप पुढे सरकणार, बाहेर गेली तर काम बंद. म्हणजे आमच्या अहवालातल्या एका ओळीवर अख्ख्या गावाचं पाणी अडलेलं. त्यामुळे तिथे आमचं स्वागत कसं झालं असेल, ते विचारू नका. पहिल्याच दिवशी तीन वेळा चहा आला.

*

दुसऱ्या दिवशी गड्डमनं नगरपरिषदेची आवक नोंदवही उघडली. ऑफिसात येणारा प्रत्येक कागद हिच्यात चढतो, ठेकेदारांची बिलंसुद्धा. मार्चचा शेवटचा आठवडा कोरा. मागच्या वर्षीचा बघितला, तोही कोरा. त्याच्या आदल्या वर्षीचाही तसाच. बिल मार्चमध्ये चढलंच नाही तर ते त्या वर्षाच्या खर्चात दिसत नाही, आणि तूट आपोआप बारीक होते.

आवक बघणारे अण्णाराव समोरच बसले होते.

"मी रजेवर होतो की."

"तिन्ही वर्षं? त्याच आठवड्यात?"

"गावची जत्रा असती की, साहेब."

गड्डमनं बाहेर जाऊन शिपायाला विचारलं आणि परत आला. "अण्णाराव, जत्रा श्रावणात असते म्हणे."

"व्हय की," अण्णाराव शांतपणे म्हणाले. "तयारी लई असती."

*

जमेची बाजू त्याहून भारी. मालमत्ता कर शंभर टक्के वसूल होणार, असं धरलेलं. त्यात एक तेलाची गिरणी होती. साहेब म्हणाले, चला, गिरणी बघून येऊ. गेलो तर तिथे मोकळं मैदान आणि क्रिकेट खेळणारी पोरं. गिरणी पाडून बरीच वर्षं झाली होती.

मुख्याधिकारी तरुण होते, बोलायला गोड. "सर, आशा ठेवायला काय हरकत आहे?"

"काहीच नाही," साहेब म्हणाले. "फक्त ती जमेत लिहू नका."

*

कर्जाचा विषय निघाल्यावर नगराध्यक्ष स्वतः आले. छातीवर हात ठेवून म्हणाले, "एक रुपयाचं कर्ज काढलेलं न्हाय."

रस्त्यावरच्या दिव्यांचं वीजबिल कितीतरी महिने भरलेलं नव्हतं. मी ते कागद पुढे केले.

"हे कर्ज कसं?" ते खरोखरच दुखावले. "आमी कुनाकडनं घेतलं न्हाय. दिलं न्हाय, एवढंच."

त्या दिवशी साहेब पहिल्यांदा मोठ्यानं हसले.

*

सातव्या दिवशी लेखापाल शबाना मॅडमनी एक कापडी पिशवी आमच्या टेबलावर ठेवली. आम्ही मागितली नव्हती. आत न चढवलेली बिलं होती, आणि त्यांची मॅडमनी स्वतःच्या अक्षरात केलेली यादी. फक्त यादीखाली सही नव्हती.

गड्डमनं बेरीज केली, आणि पुन्हा केली. तूट मर्यादेच्या बाहेर जात होती, पण थोडक्यात. यादीतलं एकच बिल काढलं तर ती परत आत येत होती. ते बिल दोन उन्हाळे गावात पाणी टाकणाऱ्या मौलाभाईंच्या टँकरचं. आणि मौलाभाई म्हणजे शबाना मॅडमचे वडील.

मुख्याधिकाऱ्यांनी दार लोटून घेतलं. "मॅडम, एवढं एक बिल राहू द्या. नाहीतर गाव काय म्हणेल? टँकरवाल्याच्या पोरीनं नळ अडवला."

खरं सांगतो, मला वाटलं, राहू द्यावं. बहिणीच्या दारातल्या घागरी मला दिसत होत्या.

कुणीतरी निरोप दिला असणार, कारण अर्ध्या तासात मौलाभाई आले. चपला बाहेर काढून दारातच उभे राहिले.

"सायेब, माजं बिल फाडून टाका. पैसं नकोत मला. नळ आला तर टँकर बंद हुईल, हुं दे. गावाला पानी येऊ दे."

साहेबांनी चष्मा काढला. "मौलाभाई, पाणी टाकलं होतं ना?"

"टाकलं की."

"गाव प्यायलं?"

"पिलं की."

"मग ते आता फाटत नाही."

साहेबांनी यादी मॅडमकडे सरकवली. "तुमच्या सहीशिवाय मला ही धरता येत नाही. सही करायची की नाही, ते तुम्ही ठरवा."

मॅडमनी यादी वरपासून खालपर्यंत एकदा वाचली. सही केली, खाली तारीख टाकली, शिक्का मारला. मौलाभाई चपला घालायला वाकले.

"अब्बा," मॅडम म्हणाल्या, "उद्यापासून टँकर आपल्या गल्लीत सगळ्यात शेवटी आणायचा."