काकाचं नाक

आमचा काका लसणाच्या गोदामावर होता. जाळीच्या पोत्यांच्या थप्प्या पार छतापर्यंत, मधून माणूस अंग चोरून जाईल एवढीच वाट, आणि त्या वाटेने काका रोज नाक पुढे करून फिरायचा. लसणाची बुरशी मोठी बेरकी. वरचं साल पांढरंशुभ्र आणि आत पाकळीच्या बुडाशी निळसर भुकटी. डोळ्यांना दिसेपर्यंत अर्धी थप्पी गेलेली असते. वास मात्र आधी येतो, ओल्या पोतेऱ्यासारखा. लोक नाकाने कांदे सोलतात, आमचा काका नाकाने लसूण पारखायचा. त्याचा त्याला तोराही होता, खोटं कशाला बोला.

मग एका तापात त्याचा वास गेला. ताप उतरला, वास काही परतला नाही. एकदा शेजारीच शेगडीवर दूध करपून पातेलं काळं झालं तरी हा पेपर वाचत बसलेला, तेव्हा काकीच्या लक्षात आलं. मालकांना सांगून टाका म्हणून ती मागे लागली. काका म्हणाला, वास न येणाऱ्याला लसणाच्या गोदामात कोण ठेवतं? झाकली मूठ सव्वा लाखाची.

मग दुपारचा डबा काकीच घेऊन जायला लागली. डबा ठेवायची आणि जरा पाय मोकळे करते म्हणत त्याच्याबरोबर चक्कर मारायची. जिथे वास येईल तिथे त्याच्या कोपराला चिमटा. काका थांबायचा, डोळे मिटून लांब श्वास ओढायचा आणि हमालांना सांगायचा, हे उतरवा. नाटक्या कुठला! हमाल माना डोलवायचे. मालक आल्यागेल्याला काकाचं नाक कौतुकाने सांगायचे.

पुढे काकी लेकीच्या बाळंतपणाला गेली आणि नेमकी हवा दमट झाली. काका एकटाच फिरायचा. चिमटा नाही म्हणजे सगळं ठीक, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. एके सकाळी हमालाने मधलं पोतं ओढलं, तर ते हाताखाली दबलं. आत सगळं निळं-काळं. शेजारची पोतीही तशीच.

सडलेला माल बाजूला काढला. उरलेली थप्पी वरून धड दिसत होती. ती पावडरच्या गिरणीला द्यायचं ठरलं, गाडी दारात उभी राहिली. मालक म्हणाले, काका, चांगली पोती बोटाने दाखवा, तेवढीच भरतो.

एकदा दळलं की बुरशी दिसत नाही. पण तिचं विष धुऊन जात नाही, शिजवूनही त्याचा भरवसा नाही. हे काकाच आम्हाला जेवताना ऐकवायचा आणि एका पाकळीपायी अख्खा गड्डा फेकायला लावायचा. आता त्याने डोळे मिटले, लांब श्वास ओढला. हमाल वाट बघत होते. सगळंच खराब म्हणून सुटता आलं असतं, मालकांनी ऐकलंही असतं. पण उद्या पुढची थप्पी होतीच.

"मालक, मला वास येत नाही. कधीचाच. वास घ्यायची ती आमची ही."

मालकांनी गाडी रिकामी परत पाठवली आणि एवढंच विचारलं, की वहिनी कधी येणार.

काकी आली, थप्पीत फिरली आणि जवळजवळ सगळी पोती खड्ड्यात पुरायला लावली. गोदाम आता तिच्याकडे आहे. काकाला फाटकावर बसवलंय. तिथून आत गोदामाकडे तो फारसा बघत नाही. त्याला ते लागलं, आणि लागणारच.

परवा लेक बाळ घेऊन आली. काकाने त्याला मांडीवर घेतलं, टाळूला नाक लावलं, डोळे मिटून लांब श्वास ओढला. तसाच बसून राहिला. आम्ही कुणी हसलो नाही. काकीने जवळ जाऊन त्याच्या कोपराला हळूच चिमटा काढला.

"दुधाचा येतोय हो," ती म्हणाली.

काका म्हणाला, वाटलंच मला.