कानबाईच्या दिवशी आलेली पाहुणी

वानरांनी आमची शिदोरी पळवली, तिथून हे सुरू झालं.

महाशिवरात्रीला तोरणमाळवर गोरखनाथाची जत्रा भरते. आमचं गाव खाली शहाद्याकडे, सपाट काळ्या जमिनीत. सातपुडा आम्हाला रोज दिसायचा, पण दूरच्या निळ्या रेघेसारखा. तिथं माणसं राहतात, रांधतात, जेवतात, असा विचार मी तरी कधी केला नव्हता. त्या वर्षी सासूबाईंनी हट्ट धरला, की मरायच्या आत गोरखनाथ बघायचा. त्या चांगल्या धडधाकट होत्या, पण मरणाचं नाव घेतलं की घरात कुणी नाही म्हणत नसे, हे त्यांना ठाऊक होतं.

बैलगाडी पायथ्यापर्यंत गेली. पुढं पायवाट, आणि चढ असा की पुढच्याच्या टाचा आपल्या कपाळासमोर. पुरुष मंडळी भजनं म्हणत पुढं निघून गेली. आम्ही दोघी सासू-सुना मागं राहिलो. पाणी प्यायला थांबलो तेव्हा मी गाठोडं दगडावर ठेवलं. उकडलेली रताळी, शेंगदाण्याचे लाडू, दोन दिवसांचा उपासाचा सगळा फराळ त्यात होता. वानरं उतरली आणि घेऊन गेली. सासूबाई काठी उगारून मागं धावल्या आणि पाय मुरगळून खाली बसल्या. गाठोडं गेलं ते गेलंच, वर पायही गेला.

तिन्हीसांजेला माझ्याच वयाची एक बाई डोक्यावर लाकडांची मोळी घेऊन त्या वाटेनं आली. तिनं काही विचारलं नाही. मोळी टाकली, सासूबाईंच्या काखेत हात घातला आणि त्यांना उभं केलं. तिची झोपडी जवळच होती. घरात ती पावरी ही डोंगरातली बोली बोलायची, पण बाजारात शिकलेली आमची अहिराणी तिला थोडी येत होती.

तिनं चुलीवर मडकं ठेवलं. सासूबाई मला हळूच म्हणाल्या, "शिधा माग. आपुन रांधसू."

म्हणजे कोरडं धान्य मागून घे, तिच्या हातचं शिजलेलं आपल्याला चालत नाही. आमच्याकडे तेव्हा अशीच रीत होती. मी मागितलं. तिनं सुपात धान्य ओतलं ते मोर होतं. पक्षी नव्हे; डोंगरात या नावाचं बारीक धान्य पिकतं, आपल्या भगरीच्या जातीचं. पण ते टरफलासकट होतं, कांडायला उखळ हवं, आणि चढून चढून माझ्यात मुसळ उचलायची ताकद उरली नव्हती. तिचं मडकं मात्र रटरटत होतं, त्यातही मोरच. सासूबाईंनी त्या मडक्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि निवाडा दिला, "फराळले इटाळ नही ऱ्हास."

उपासाच्या पदार्थाला शिवाशिव नसते, हे शास्त्र मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. त्यांनी दोनदा मागून घेतलं. मीही घेतलं. वर नुसतं मीठ आणि वाटलेली हिरवी मिरची.

बाई आमच्याकडे बघत बसली होती. म्हणाली, "हाई आम्हनं रोजनं जेवन शे. तुम्ही आम्हनं रोजनं खाईसन उपास करतस?"

आणि ती हसली. सासूबाईही हसल्या. मी हातातल्या घासाकडे बघितलं. देवासाठी पोट मारतो म्हणून आम्ही वर्षभर मिरवायचो, आणि तो त्याग हा असा, गरम, दोन वाढपांचा.

सकाळी आमचे लोक शोधत आले. झोळी करून सासूबाईंना उतरवायचं ठरलं. निघताना त्या माझ्या कानाशी लागल्या, "गावमा सांगू नको हं, तिनं रांधेल खाधं म्हनीसन." कानाशी लागल्या खऱ्या, पण त्यांना थोडं कमी ऐकू येई, त्यामुळे त्यांचं कुजबुजणं अंगणभर जायचं. बाईनं ते ऐकलं. मोळी सोडत राहिली.

मग सासूबाईंनाच बहुधा काहीतरी टोचलं. मोठ्यानं म्हणाल्या, "खाले ऊनी म्हंजे आम्हना घर येजो. पुरननी पोयी खावाडसू तुले. पोटभर."

"ती काय ऱ्हास?"

सासूबाईंनी झोळीत बसल्या बसल्या हात फाकून दाखवलं. आमच्याकडची पुरणपोळी हातावर झेलत झेलत मोठी करतात आणि चुलीवर उलट्या घातलेल्या मातीच्या खापरावर भाजतात. ती एवढी मोठी आणि एवढी पातळ.

"फडकं शे का?" बाईनं विचारलं.

सगळे हसले. आम्ही उतरलो. शब्द दिला सासूबाईंनी. तो निभावायचा घरच्या सुनेनं, हे सांगायला नको.

ती आली श्रावणात. दिवस कोणता, तर कानबाईचा.

खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगते. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे घरोघरी कानबाई देवी बसते. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजून दळतात. त्या पिठाच्या पुरणपोळ्या, सोबत खीर आणि गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी, या सगळ्याला मिळून रोट म्हणायचं. रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. त्या आडनावाबाहेर एक तुकडा जाता कामा नये. माझी नणंद गावातच दिली होती, तीसुद्धा त्या दिवशी माहेरी आली तर पाणी पिऊन जायची.

घर भरलेलं होतं. सगळी भाऊबंदकी ओसरीवर. मी खापरासमोर घामानं निथळत होते. अंगणातून हाक आली, "आजी! पाय बरा व्हयना का?"

दारात ती उभी होती, पावसानं भिजलेली, काखेत दुधीचं वाळवलेलं तुंबडं.

माझी चुलतसासू म्हणजे गावाचं तोंड. तिनं लगेच विचारलं, "हाई कोन वं?"

सासूबाई पाटावर बसल्या होत्या, कानबाईसमोर. मान न वळवता म्हणाल्या, "मजूर शे. निंदाले ऊनी व्हई."

बाईनं त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. तिनं एक शब्द बोलायचा अवकाश होता, जेवलात की माझ्या घरी, एवढंच. भाऊबंदकीनं वर्षभर चघळलं असतं. ती म्हणाली, "हां. निंदाले ऊनी."

ते खोटंही नव्हतं. श्रावणात डोंगरातली माणसं निंदणीला खाली येतातच.

मी हात पुसत बाहेर गेले. तिनं तुंबडं माझ्या हातात दिलं. जड होतं. आत मोर. "आजीना उपासले," ती म्हणाली. मी शेतकऱ्याच्या घरातली आहे, मला धान्याचे महिने कळतात. मोर दिवाळीच्या आधी निघतो. श्रावणात डोंगरातल्या कणग्यांचा तळ लागलेला असतो. त्या तळातलं तिनं आणलं होतं.

तिनं नाक वर करून वास घेतला. "हाईच का ती? फडकागत?"

"हाईच," मी म्हटलं, आणि तिला कानबाईचा नियम सांगितला. सांगताना मला नीट ठाऊक होतं की कानबाई नसती तरी तिला पान वाढलं असतं ते अंगणाच्या कडेलाच. नियम त्या दिवशी आमच्या सोयीला आला एवढंच.

तिला राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "आम्हना कडे बी शे. नवं धान देवले दिधाबिगर कोनी खात नही." मग अगदी साधेपणानं, "पाव्हनाले जुनं देतस."

पाहुण्याला जुनं देतात. ते मला सुचायला हवं होतं. मी तिला गोठ्यात बसवलं, तीन दगड मांडले, कणगीतले जुने तांदूळ आणि मूग घेतले. गोवऱ्या ओल्या होत्या. धूर असा झाला की बैल शिंकायला लागले. धुरावरून चुलतसासू माग काढत आलीच. गोठ्याच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काय वं, कानबाईना दिन दुसरी चूल? येगळी निंघनी का नवराले लईसन?"

एका घरात दोन चुली म्हणजे घर फुटलं. त्या दिवशी तर तो अपशकुनच. मी मान वर केली नाही. तोंडातून निघून गेलं, "बैलेसकरता शिजाडी ऱ्हायनू."

बैलांसाठी आम्ही सरकी शिजवतो, म्हणून ते खपलं. चुलतसासू गेली. पाहुणी गव्हाणीला टेकून बसली होती, माझ्यापासून हातभर. सासूबाई मजूर म्हणाल्या होत्या. मी त्याहून खाली गेले.

खिचडी खाली लागली आणि वर कच्ची राहिली. मी वीस माणसांच्या पंगती एकटीनं उठवलेली बाई, आणि एका माणसापुरती खिचडी मला जमली नाही. पळसाच्या पानावर वाढली. तिनं पहिला घास घेतला, चावला, बराच वेळ चावला.

"बैल चांगलं खातस तुम्हना," ती म्हणाली.

डोळे हसत होते. मी धूर डोळ्यांत गेल्यासारखं केलं. तो गेलाही होता.

तिनं निम्मी खाल्ली आणि निम्मी पानात गुंडाळून पदरात बांधली. मी विचारलं कशाला. तिचा नवरा वेशीजवळच्या निंबाखाली उभा होता, सकाळपासून. पाहुणी एकटी आली की कुणी सोबत आहे, हे मी विचारलंच नव्हतं. मी एका माणसापुरतं रांधलं होतं. डोंगरात तिनं आमच्यासाठी आख्खं मडकं पालथं केलं, तेव्हा त्या दोघांसाठी मागं काय उरलं, हेही मी कधी विचारलं नव्हतं. ओसरीवर पंगत बसली होती, पोळ्यांचे ढीग होते, आणि मी मडक्याला लागलेली खरपुडी खरवडत होते. ती पण तिला दिली.

सोमवारी सकाळी कानबाईला नदीवर नेतात. घरची मोठी सून कानबाई डोक्यावर घेते, वाजंत्री पुढं, बाया मागं. आमच्या घरी उरलेले रोट घरात ठेवत नाहीत, बाहेरच्याला देत नाहीत; देवीबरोबर पाण्यात सोडतात. मोठी जाऊ कानबाई घेऊन पुढं होती. रोटांची टोपली माझ्या डोक्यावर. वीस-पंचवीस पोळ्या तरी असतील, पुरण ओलं, वास दरवळतोय.

नदीच्या उतारावर ती दोघं भेटली. खुरपी घेऊन कुणाच्या तरी शेतात चालली होती. देवी येते म्हणून वाट सोडून चिखलात उभी राहिली, हात जोडून. मी बघायचं नाही असं ठरवून चालत होते, पण टोपलीवरचं फडकं वाऱ्यानं उडालं. तिनं पोळ्या बघितल्या. मग नदीकडे बघितलं.

"नदीले बी भूक लागस का, बाई?"

टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, जसं तिनं उपासाचं विचारलं होतं. माझ्या पुढं सासूबाई होत्या. कमी ऐकू येणाऱ्या सासूबाईंना हे ऐकू गेलं. त्यांची पाठ ताठ झाली आणि तेव्हापासून अधू राहिलेला पाय ओढत त्या भराभरा चालायला लागल्या. मी काठावर गेले आणि पोळ्या एकेक करून सोडल्या. पाण्यावर त्या फडक्यासारख्या पसरतात. मासे आले. मागं वळून बघितलं तर ती दोघं कामावर निघून गेली होती.

पुढच्या एकादशीला मी मोर शिजवला. सासूबाईंनी विचारलं नाही कुठला. दोनदा मागून घेतला.

राहता राहिलं तुंबडं. आपल्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. मी त्यात गच्च गहू भरले, आमच्या शेतातले, कानबाईला मोजतो तेच, आणि शिवरात्रीला तोरणमाळ चढणाऱ्या एका गाववाल्याच्या हाती पाठवले. खुणा सांगितल्या, झोपडी सांगितली. मनात म्हटलं, सुटले.

जत्रेहून गाववाला परत आला आणि तुंबडं माझ्यापुढं ठेवलं. मोरानं भरलेलं. ती म्हणाली म्हणे, रिकामं कसं पाठवू.

तेव्हापासून ते चाललंच आहे. गहू वर जातो, मोर खाली येतो. सासूबाई जाईपर्यंत दर एकादशीला त्या तो खात आल्या, आणि तो कुठून येतो हे भाऊबंदकीला मरेपर्यंत कळू दिलं नाही. शेवटच्या दुखण्यात एकदा मात्र म्हणाल्या, "तिले पोयी खावाडनी ऱ्हाई गयी वं." मी म्हटलं, मी खाऊ घालीन. शब्द आता माझ्याकडे आला.

ती त्यानंतर आमच्या गावाकडे निंदणीला आली नाही. दुसरीकडे जाते म्हणे. वर जायचं तर आता माझे गुडघे ऐकत नाहीत. आत्ताही तुंबडं स्वयंपाकघरात खुंटीला आहे, शिवरात्रीची वाट बघत. गहू निवडून ठेवलाय. पोळीचाही विचार करून पाहिला, घडी घालून, गुंडाळी करून. तुंबड्याचं तोंड लहान आहे. पोळी त्यातून आत जात नाही.