आजाऱ्याचे माड

अनंता गेल्याचा निरोप आला तेव्हा मी त्याच्यावर रागावलेलोच होतो. आता काही आठवडे लोटले, पण राग जागच्या जागी आहे. वाडीत सगळे त्याच्याविषयी भरभरून बोलतात. मला ते जमत नाही, म्हणून लिहायला बसलो.

अनंता आमच्या शाळेत मास्तर, माझा शेजारी आणि लहानपणापासूनचा मित्र. आमची वाडी गणपतीपुळ्याच्या वाटेवर. रत्नागिरीचं सिव्हिल गाठायचं तर एसटी मिळेल तेव्हा. तिथं तपासणी फुकट, औषधं मात्र बरीचशी बाहेरून आणायची. एका पावसाळ्यात तापाच्या साथीत माणसं औषधावाचून गेली आणि अनंताच्या डोक्यात खूळ शिरलं. देवाच्या नावानं आपण माड सोडतो, मग आजाऱ्याच्या नावानं का नाही? घरटी एक माड सोडायचा, त्याचे नारळ विकायचे आणि ज्याला गरज पडेल त्याचं औषधपाणी करायचं. लोक हसले, पण माड सुटले. कसले माड म्हणाल, तर बहुतेकांनी परसातला भुंग्यानं पोखरलेला, खंगलेला माड पुढे केला. मोठ्या बागायतदारानंही एकच दिला. त्याच्याकडून जास्त घे म्हणून मी भांडलो. अनंताचं म्हणणं, जास्त मागितलं की तो अंग काढून घेईल. त्याचं काय अडलंय, तो कोल्हापूरच्या नर्सिंग होमात जातो.

नियम एकच होता. एका आजाराला एका पाडणीच्या नारळांचे पैसे, त्यापलीकडे नाही. पोरांचे ताप, बाळंतपणं, विंचूदंश त्यात भागत. मग माझ्या बायकोच्या, सुमनच्या, हृदयाची झडप बिघडली. ऑपरेशन मुंबईलाच होणार होतं. मी अनंताच्या ओटीवर जाऊन बसलो. त्यानं चहा दिला आणि खाली मान घालून म्हणाला, "दिनू, सगळं तुला दिलं तर पावसात फणफणणाऱ्या पोरांना कुठनं आणू रे?" मी चहा तसाच ठेवून उठलो. जमिनीला गिऱ्हाईक मिळेपर्यंत सुमन गेली. त्या पावसात पुन्हा साथ आली आणि वाडीतलं एकही पोर दगावलं नाही... त्याचा तर मला जास्तच राग आला. हे लिहायला मला लाज वाटत नाही.

पुढे अनंताचीच मूत्रपिंडं गेली. मुंबईला जाऊन यंत्रावर रक्त धुवून घ्यायचं, तेही जन्मभर. वाडी जमली. मास्तरांसाठी नियम मोडू, असं सगळे म्हणाले आणि सगळ्यांत मोठ्यानं मी म्हणालो. त्यानं पैसे घ्यावेत आणि मला त्याला आयुष्यभर खोटा म्हणता यावं, एवढंच मला हवं होतं. त्यानं माझ्याकडे बघितलं. "सुमनवहिनींना नाही म्हटलं ना मी? मग संपलं." ...आणि गेला. मला भांडायलासुद्धा काही ठेवलं नाही त्यानं.

तेराव्यानंतर शाळेत शोकसभा झाली. मास्तरांच्या स्मरणार्थ मर्यादा उठवावी, असा ठराव आला. माना डोलल्या, काहींचे डोळेही भरून आले. मी उभा राहून विचारलं, मग घरटी दुसरा माड कोण कोण सोडतंय? बागायतदार चष्मा पुसत राहिला. पुढच्या बैठकीत बघू, असं कोणीतरी पुटपुटलं. तेवढ्यात दाराशी बसलेल्या अनंताच्या बायकोचा आवाज आला.

"भावजी, आमचा विहिरीकडचा धरा."

कोणी वर बघितलं नाही.

मी घरी आलो, चुना कालवला आणि सुमननं लावलेल्या माडाला पट्टा ओढला. प्रेमानं नव्हे, रागानंच. आजाऱ्याचा माड ओळखू यावा म्हणून त्याला आमच्याकडे असा पांढरा पट्टा ओढतात. वाडीत फिरलात तर प्रत्येक घराचा एक माड तसा दिसेल. दोन पट्ट्यांची घरं दोनच आहेत. ज्यांची माणसं या माडांनी वाचवली नाहीत, त्यांची.